ड्रॅगनला पुठ्ठा

चूक एकाच माणसाची आहे आणि मी नाव घेऊन सांगतो, घाबरतो काय कोणाच्या बापाला... बरं, घाबरतो, कारण ते नाव माझ्या बापाचंच आहे! अरविंद भास्कर कारखानीस. हेडक्लार्क, सरकारी खातं, सव्वीस वर्षं नोकरी, वय त्रेपन्न, राहणार नेरूळ, दुसरा मजला, उजवीकडचं दार. लिहून घ्या. बाकीचे सगळे निमित्तमात्र. तो बाइंडर सिताराम, ते सेक्रेटरी सबनीस, आमची आई, फार काय, तो ड्रॅगनसुद्धा निमित्तमात्र, बिचारा! मूळ रोग एवढाच की आमच्या वडिलांना पुस्तक कळत नाही, पुठ्ठा कळतो. आणि एकट्या वडिलांना कशाला नावं ठेवू, तुम्हाला सांगतो, ती अख्खी पिढीच तसली. माणूस असो, पुस्तक असो, जावई असो, आत काय आहे ते कोण बघतो? पुठ्ठा बघतात हो, पुठ्ठा!

आता तुम्ही विचाराल, नेरूळला ड्रॅगन कुठून आला, इथे धड बस येत नाही तासतासभर. सांगतो ना. माझा मामा बोटीवर. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा त्याला सांगितलं होतं, मामा, येताना सिंगापूरहून सायंटिफिक कॅल्क्युलेटर आण. मामानं काय आणलं? पुस्तक आणलं! दुकानदार म्हणाला म्हणे, इंजिनिअरिंगची पोरं हल्ली हेच नेतात. पातळ कव्हर, चौसष्ट पानं, पाठीत दोन पिना, वर एक हिरवा ड्रॅगन जबडा वासून बसलेला, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फासा. सहा तोंडांचा नाही, वीस तोंडांचा! आई बघून म्हणाली, "फासे नकोत बाई घरात, महाभारत होतं." तेव्हा मी हसलो होतो. आईनं अठरा पर्वं म्हटली नव्हती, पण व्हायची ती सगळी झाली.

तर खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं नाही, हरणं नाही. एकजण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून गरम वारा येतोय, वास जळक्या केसांचा, बोला, काय करता? बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं, कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. ते सांगतात आम्ही अमुक करतो, तमुक करतो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि कुठल्या कामाला फासा किती पडायला हवा ते पुस्तकात तक्त्यांत दिलेलं. संपलं. एवढाच खेळ. पण काय खेळ, महाराजा!

सूत्रधार मी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसलेलो, सकाळी बाबांचं बोलणं, संध्याकाळी बाबांचं बोलणं, मधल्या वेळात आईचे उसासे. खेळायला दोघं. एक कमळाकर. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते त्याच्या आजोबांचं भाताचं शेत, त्यामुळे तो आमच्या गच्चीवर येताना कोणाला विचारायचा नाही, आणि वॉचमन त्याला अडवायचाही नाही. तो लढवय्या. दुसरी तिसऱ्या मजल्यावरची स्मिता, बी. कॉम.ला, दोन वेण्या, मान खाली घालून चालणारी, अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाव काढलेली गुणी मुलगी. ती चोर. आणि काय चोर हो! एकदा तिनं झोपलेल्या राक्षसाच्या तोंडातला सोन्याचा दात काढून आणला, आणि वर म्हणते, "शेजारचा किडलाय त्याचा, दाखवून घ्यायला सांग."

दर रविवारी, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सहा महिने! आणि तुम्हाला खरं सांगतो, हसू नका, मी बोलायला लागलो की ही दोन माणसं श्वास रोखून ऐकायची. मी थांबलो तर म्हणायची, पुढे? माझ्या आयुष्यात मला कोणी पुढे विचारलं नव्हतं. सगळे मागेच विचारायचे, मागच्या सेमिस्टरला किती विषय राहिले! सहा महिने मी त्यांना ड्रॅगनच्या गुहेकडे नेत होतो आणि गुहेत काय आहे ते एकट्या मला माहीत. सगळ्या मुलखात बोभाटा, ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसलाय. आणि खाली सोनं नाहीच! अंडं आहे. आठशे वर्षं तो बिचारा एका अंड्यावर बसलाय, थंड होऊ नये म्हणून. आता तलवार काढा की खाली ठेवा, ज्याचं त्यानं ठरवायचं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सुचलं त्या दिवशी माझा मलाच अभिमान वाटला होता. पहिल्यांदा.

आणि पुस्तक पण कसं शहाणं! पातळ कव्हर म्हणजे सुख असतं हो. उघडून ठेवलं की पसरतं, मांजरासारखं. गुंडाळून पँटच्या मागच्या खिशात राहतं. एका हातानं पान उलटावं, दुसऱ्या हातानं फासा टाकावा. कमळाकर तर त्यानं डास मारायचा. मान्य, पावसात त्याचा पोह्याचा पापड झाला, कोपरे वळले, ड्रॅगनची शेपटी पुसली गेली, पण होतं जिवंत!

ऑगस्टात एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर आलो, बघतो तर पुस्तक नाही.

"आई, माझं पुस्तक?"

"कुठलं रे?"

"ड्रॅगनचं!"

"ते होय, ते बाबांनी रद्दीवाल्याला दिलं वाटतं, पेपरांबरोबर."

टॉवेलवर धावलो! अख्ख्या सेक्टरनं बघितलं. रद्दीवाला सायकल घेऊन नाक्यापर्यंत पोचलेला, गठ्ठ्यावर सगळ्यात वर माझं पुस्तक, सुतळीखाली दाबलेलं, आणि ड्रॅगन माझ्याकडे असा बघतोय, असा बघतोय... सोडवून आणलं. वर आलो. बाबांना शांतपणे विचारलं. म्हणजे ओरडलो. बाबांनी पेपरातून मान वर काढली नाही.

"पुस्तक कुठे होतं ते? चोपडं होतं. ज्याला पाठ नाही ते पुस्तक नव्हे, नंदकिशोर. कपाटात उभं राहतं का ते? मान टाकतं. तुझ्यासारखं."

आता यांच्या कपाटात काय आहे सांगू? सोळा पुस्तकं. सोळाच्या सोळा कापडी बांधणीची, पाठीवर सोनेरी अक्षरं, काचेमागे, कुलूप. मी त्यातलं एक लहानपणी उघडलं तर पापड मोडल्यासारखा आवाज झाला होता, कारण माझ्याआधी ते कोणी उघडलंच नव्हतं! पण पाहुणा आला की त्याला कपाटासमोरच्या खुर्चीत बसवायचं. वाचायला नव्हे, बघायला! मी म्हटलं ना? आत काय आहे ते कोण बघतो? पुठ्ठा बघतात हो, पुठ्ठा!

तेव्हा मला वाटलं, आपण यांच्यापेक्षा हुशार. इथेच खाल्ली माती. म्हटलं, पुठ्ठा पाहिजे ना? घाला पुठ्ठा. हा ड्रॅगन असा झाकतो की यांच्या नाकासमोर वाचेन आणि यांना वाटेल पोरगं अभ्यासाला लागलं.

कमळाकर म्हणाला, "नको रं घालू पुठ्ठा. मऊ हाय तवर आपला हाय."

स्मिता म्हणाली, "पक्क्या बांधणीचं पुस्तक उघडं राहत नाही रे. दोन हात धरायला लागतील, मग फासा काय तोंडानं टाकशील?"

ऐकलं मी? नाही ऐकलं. शेवटी मुलगा कोणाचा!

तुर्भ्याला सिताराम बाइंडर. रजिस्टरं, खतावण्या, सोसायट्यांची दप्तरं, सगळा पंचक्रोशीचा माल त्याच्याकडे. त्यानं माझं पुस्तक दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरतात तसं.

"साहेब, याला पुठ्ठा? याला जाडीच नाय. चौसष्ट पानाला पुठ्ठा म्हंजे एका शेंगदान्याला ट्रंक."

"मग काय करायचं?"

"कोरी पानं घालू ना. दोनशे. आखलेली, रजिस्टरची. मस्त भरंल. आख्खी दुनिया तसंच करते साहेब, टेन्शन नाय."

मी हो म्हटलं! का म्हटलं? त्या दोनशे कोऱ्या पानांनी पुढे माझं काय केलं ते तुम्हाला कळेलच. आठ दिवसांनी गेलो, तर त्यानं काउंटरवर ठेवलं ते धप्पकन! मरून रेक्झिन, कोपऱ्यांना कापड, पाठीवर दोन सोनेरी रेघा, पायावर पडलं तर बोट जाईल. त्यानं टिचकी मारून दाखवली, टक टक, दार वाजतं तसं. "तीन कडा कटिंगला मारल्या, एकदम सरळ. खळीत मोरचूद घातलाय. झुरळ लागनार नाय."

खरंय. झुरळ नाही लागलं. हेडक्लार्क लागला. त्याला मोरचूद चालत नाही.

घरी येऊन उघडलं तर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे स्मिता बरोबर होती, ते उघडं राहतच नव्हतं, हात काढला की फटकन बंद, मगरीसारखं. शेवटी डाव्या पानावर आईचा बत्ता आणि उजव्या पानावर इस्त्री ठेवून खेळावं लागायचं. आणि दुसरी म्हणजे सितारामनं कडा सरळ करताना तक्त्यांचे उजवे आकडे उडवले होते. ड्रॅगनची ताकद होती तीनशे. दोन शून्यं तुर्भ्याला राहिली. उरली तीन!

कमळाकर तो मरून पुठ्ठा बघून म्हणाला, "आरं, याला तू तहसीलदार क्येलास."

पण युक्ती चालली हो! पहिल्याच संध्याकाळी मी ते मांडीवर घेऊन बसलो तर बाबा दारात थबकले, मरून पाठ बघितली, आणि आत जाऊन आईला हळूच म्हणाले, "सुनीती, वाचतोय. चहा दे त्याला." दोन वर्षांत मला मागितल्याशिवाय मिळालेला तो पहिला चहा. मी ड्रॅगनच्या अंगावरच्या खवल्यांचा तक्ता वाचत होतो. पुठ्ठा बघतात हो, पुठ्ठा!

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर पुस्तकं मांडतात, सरस्वतीची पूजा, आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं आईनं माळ्यावर टाकलेली, तेव्हा पाटावर मधोमध काय ठेवावं? "हे छान उभं राहतं," म्हणाली, आणि ठेवलं! ड्रॅगनला हळद! ड्रॅगनला कुंकू! ड्रॅगनला झेंडूचं फूल आणि पेढा! मी आपला कोपऱ्यात उभा, गालातल्या गालात हसतोय, काय माणसं आहेत, काय माणसं आहेत... सुट्टीचा दिवस, वर गच्चीवर ती दोघं वाट बघतायत, आणि मी सांगायला गेलो की आज खेळ नाही, पूजेतलं पुस्तक आज उघडायचं नसतं, तर कमळाकर हसून हसून टाकीला धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पूजा हलवायची. आमच्या घरची पद्धत अशी की पुस्तकं उचलताना घरच्या कर्त्यानं त्यातल्या एका पुस्तकाचं एक पान वाचायचं. दरवर्षी बाबा कुठलंतरी उघडायचे, चार ओळी पुटपुटायचे, मिटायचे, ऑफिसला. यंदा हात गेला तो मरून पुठ्ठ्यावर. मेलो! पण म्हटलं, चार ओळी तर वाचणार.

उभ्यानं चार ओळी वाचल्या. मग चष्मा मागितला. मग बसले. मग उजव्या पानावर ठेवायला इस्त्री मागितली! ऑफिसची बस गेली. आई दोनदा येऊन बघून गेली. तासाभरानं हाक आली.

"नंदू."

मला नंदू म्हटलेलं मी तिसरीत असताना शेवटचं.

"हे कोणी लिहिलंय रे?"

"का हो?"

"किती सुंदर लिहिलंय!" आणि तुम्हाला सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "ऐक, मराठीत सांगतो. कलम अकरा, पोटकलम ब. सभासद बेशुद्ध असल्यास त्याची पाळी पुढील सभासदाकडे जाईल, मात्र शुद्धीवर येताच त्याची ज्येष्ठता अबाधित राहील. अरे, हे आमच्या खात्यात का नाही?"

सव्वीस वर्षं या माणसानं नियमांत काढली आणि एकाही नियमानं त्याच्यावर प्रेम केलं नव्हतं. इथे गुहा, राक्षस, तलवारी, आणि प्रत्येकाला कलम, पोटकलम, परिशिष्ट! चित्रं बघितलीच नाहीत त्यांनी. ड्रॅगनचं चित्र म्हणजे त्यांच्या लेखी लेटरहेड.

पुढच्या रविवारी गच्चीवर घडीची खुर्ची घेऊन हजर. "मी नुसता बघतो. तुम्ही चालू द्या." पाच मिनिटं बघितलं.

मी रंगात आलेलो, "...आणि त्या मिट्ट काळोखात तुम्ही भिंत चाचपत पळत सुटता..."

"थांब. मशालीशिवाय अंधारात पळता येत नाही. वेग निम्मा. कलम सात."

"बाबा, गोष्ट आहे ही!"

"गोष्ट आहे म्हणून काय वाटेल ते सांगशील?"

आणि स्मिता, जिच्यासाठी मी राक्षसाच्या तोंडात सोन्याचा दात बसवला होता, ती स्मिता म्हणते काय, "काका बरोबर आहेत रे."

त्याच्या पुढच्या रविवारी काका एकटे आले नाहीत, सहा काका आले. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश सबनीस, निवृत्त सुपरिंटेंडेंट, सकाळी साडेसहाला गच्चीवर कोणाचे पापड वाळतायत ते मोजणारा माणूस! मागे चार जण, नावं कशाला सांगू, एकाच गठ्ठ्यातली कार्बन कॉपी. गच्चीवर ऊन लागतं म्हणून खेळ जिन्याखालच्या सोसायटी ऑफिसात हलला. सोंगं वाटायची वेळ आली. लढवय्या कोण होणार? गुडघे. जादूगार? छे छे. सबनीसांनी विचारलं, "यात निवृत्त अधिकारी नाही का?"

मी म्हटलं, "नाही!"

बाबा म्हणाले, "पानं कोरी आहेत की." आणि पेन काढलं!

कळलं? दोनशे कोरी पानं! पान पासष्ट, सुवाच्य अक्षर: "निवृत्त अधिकारी. हा स्वतः तलवार चालवणार नाही. चालवणाऱ्यास सूचना देईल." सहाच्या सहा जणांनी तेच सोंग घेतलं. एकटा कमळाकर पुढे तलवार घेऊन, मागून सहा जण, "डावीकडून मार... अरे डावीकडून... आमच्या वेळी असं नव्हतं." छापील चौसष्ट पानं राहिली बाजूला, पासष्टपासून यांची हद्द सुरू! कमळाकर म्हणायचा, "पयली थोरी जागा घेतली, मंग वाढत वाढत आले. आमाला सवय हाय."

तिसऱ्या रविवारी पान अडुसष्टवर ठराव आला. सूत्रधाराची पात्रता, किमान पदवीधर.

मी म्हटलं, "हे काय?"

सबनीस म्हणाले, "हे बघ नंदकिशोर, उद्या बाहेरचा कोणी विचारील की तुमचा ड्रॅगन कोण चालवतो. काय सांगायचं आम्ही? नापास मुलगा?"

"नापास नाही, मी सोडलं!"

"ते आणखी वाईट."

हात वर. सहा बाजूनं. कमळाकर विरुद्ध. स्मिता म्हणाली, "मी तटस्थ," आणि वेणीचं टोक बघत बसली. सूत्रधार, श्री. अरविंद भास्कर कारखानीस, बी. ए. माझ्या खुर्चीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यात वैयक्तिक काही नाही." माझ्या बापानं! मला! मी बाहेर जाऊन दारात उभा राहिलो. आतून त्यांचा आवाज येतोय, "आपण गुहेच्या मुखाशी आहोत. तापमान जास्त आहे." वासाचा पत्ता नाही, वाऱ्याचा पत्ता नाही. तापमान जास्त आहे!

आणि गुहेच्या तोंडाशी पोचून या सहा शूरवीरांनी काय करावं? ड्रॅगनला नोटीस! रजिस्टर्ड, पोचपावतीसह. सदर गुहेतील आपला रहिवास अनधिकृत असून पंधरा दिवसांत जागा खाली करावी.

तेव्हा कमळाकर उठला. सगळ्यांच्या मधे उभा राहिला आणि म्हणाला, "आठशे वर्सा तो तिथं रातो. तुमी परवा आलाव. नोटीस कोनी कोनाला द्याची?"

सबनीस चष्मा पुसत म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण त्याच्याकडे कागद आहेत का?"

"कागद तुमी येताना घेऊन आलाव. तेच्या आदी कोनाला लागत नव्हता."

टाळी वाजवावीशी वाटली मला. म्हटलं, आता उधळणार डाव. कुठला उधळतोय! बाबांनी पेन काढलं आणि पान एकाहत्तरवर लिहिलं, ड्रॅगनची बाजू मांडण्यासाठी श्री. कमळाकर यांची नेमणूक, खुर्ची व चहासह. चहासह! कमळाकर बसला! मी दारातून खुणावतोय, अरे बाहेर ये, तर तो बशीत चहा ओततोय आणि मला म्हणतो, "थांब, त्याचा कोनतरी पायजे ना आत." बरोबर होतं हो त्याचं. तेच तर वाईट.

त्या आठवड्यात मी ठरवलं. ज्या पुठ्ठ्यामुळे गेलं तो पुठ्ठाच काढायचा! सरळ हिशोब, पुठ्ठा गेला की पुस्तकाचं चोपडं होणार, चोपडं झालं की बाबा रद्दीत टाकणार, रद्दीत टाकलं की मी नाक्यावर उभा, टॉवेलची पण गरज नाही. दुपारी आई भाजीला गेल्यावर ब्लेड घेतलं आणि त्या मरून रेक्झिनची साल काढली, फणसासारखी. पण सितारामनं पिना काढून, पाठ कापून दोरा घातलेला, दोरा तुटला आणि चौसष्ट छापील, दोनशे आखीव, सगळी पानं सुटी! फरशीभर! गोळा करून मुद्दाम पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी ढीग ठेवला. पाठ नाही, पोट नाही, नुसता पाला. म्हटलं, आता बघू या कोण पूजा करतंय.

बाबा आले. चप्पल काढली. ढीग बघितला. बराच वेळ बघितला. मी मनात म्हणतोय, म्हणा, रद्दी म्हणा, एकदा म्हणा...

बाबा खाली बसले. एकेक पान उचलून लावलं. टेबलावर आपटून चारी बाजू सारख्या केल्या, ठक ठक ठक. बॅगेतून पंच काढला. भोकं पाडली. पांढरी नाडी ओवली, गाठ मारली. आणि बॅगेच्या तळातून काढली, तुम्हाला सांगतो, फाइल! करड्या पुठ्ठ्याची! वर लिहिलं, विषय: ड्रॅगन. आणि सुस्कारा टाकला, लग्नाच्या मुलीचं जमल्यावर टाकतात तसा.

"बरं केलंस हो नंदू. बांधीव पुस्तकात मधे पान घालता येत नव्हतं. पहिल्यांदा काहीतरी विचार करून केलंस."

मी म्हटलं, "बाबा, ते पुस्तक माझं आहे! मामानं मला आणलं होतं!"

"पुस्तक होतं तेव्हा तुझं होतं. आता ते दप्तर आहे."

मला एवढी वर्षं वाटत होतं की पातळ कव्हराच्या वर पक्की बांधणी, आणि त्याच्या वर काही नाही. अडाणी मी! त्याच्या वर फाइल असते. पक्क्या बांधणीला हे लोक नमस्कार करतात, फाइलला घाबरतात. आणि फाइलला तरी काय असतं वर? पुठ्ठाच हो, पुठ्ठा!

मग गुहेचा रविवार आला. मी दारात. सहा महिने ज्या क्षणासाठी थांबलो तो क्षण, आणि बाबा फाइलीतून वाचतायत, "ड्रॅगन. वय आठशे. ताकद तीन."

सबनीस दचकले. "तीनच?"

"छापील तीन आहे. छापील तेच ग्राह्य."

"अरेरे. म्हणजे आपल्यातलाच की हो."

आणि बघता बघता वारं फिरलं! एकजण म्हणाला, या वयात कुठे जाईल तो. दुसरा म्हणाला, दम्याचा त्रास असणार, धूर येतो म्हणजे. तिसरा म्हणाला, आठशे वर्षं सोन्यावर बसलाय आणि एक मोहोर इकडची तिकडे नाही, असा माणूस आपल्या सोसायटीत दाखवा! झालं. कमळाकरनं सूचना मांडली, सबनीसांनी अनुमोदन दिलं, आणि ड्रॅगन बिनविरोध खजिनदार! इतिवृत्त स्मितानं लिहिलं. तिला जॉइंट सेक्रेटरी केलंय. वाचून दाखवताना तिचा आवाज काय खणखणीत येत होता हो, मान वर करून वाचत होती.

मला राहवलं नाही. मी दारातून ओरडलो, "अहो, सोनं नाहीच आहे त्याच्याखाली! अंडं आहे! अंडं!"

सगळे वळले. कमळाकरनं माझ्याकडे बघितलं, स्मितानं बघितलं. क्षणभर, एक क्षणभर, ते दोघं गच्चीवरचे होते, आणि मला वाटलं, आता म्हणतील, पुढे?

बाबा म्हणाले, "सभासद नसलेल्यांनी सभेत बोलू नये."

"मग करा ना सभासद!"

तसे ते अगदी न्यायी आहेत. मी अर्ज दिला, नवीन सोंग घ्यायचं तर नियमाप्रमाणे फासा टाकायचा, जो आकडा पडेल त्या लायकीचं सोंग. माझाच फासा. वीस तोंडं. पडले दोन. बाबांनी तक्ता बघितला, तक्त्यात दोनला काही नव्हतं, तेव्हा एका कोऱ्या पानावर लिहिलं. मी आता त्या गुहेच्या दारावर वॉचमन आहे. दर रविवारी आतून चहाचा वास येतो, सूचना ऐकू येतात, आणि कोणी आलं की मी नाव लिहून घेतो. अंड्याचा विषय त्यांनी पुढच्या वार्षिक सभेवर ढकललाय.

परवा खालच्या मजल्यावरचा एकजण विचारत होता, त्यालाही कुठलंसं पुस्तक बांधून घ्यायचंय, बाइंडिंग केवढ्याला पडतं म्हणून. मी सांगितलं त्याला. मला अठरा रुपयांना पडलं. आणि माझा खेळ गेला.